एका गळ्यातून दोन सूर

मित्राच्या सरावाच्या खोलीत परवा हार्मनी प्रोसेसर पायाशी ठेवून गायलो. पेडल दाबलं, सा लावला आणि माझ्याच आवाजातला गंधार सोबत उमटला. अंगावर काटा आला.

हे यंत्र आधी आवाजाच्या लहरीचं एकेक आवर्तन ओळखतं. २२० हर्ट्‌झच्या स्वरात ती सेकंदाला २२० असतात. ती अधिक दाट मांडली की स्वर चढतो. पण टेप वेगाने फिरवल्यासारखी अख्खी लहरच आक्रसली, तर घसा-तोंडाच्या पोकळीने दिलेला आवाजाचा रंगही वर सरकतो आणि गाणारा कार्टूनमधल्या खारीसारखा वाटतो. म्हणून आवर्तनाचा आकार तसाच ठेवून फक्त मधलं अंतर घटवतात.

१९७५ साली आलेला इव्हेंटाइडचा एच९१० हार्मोनायझर स्वर ठरावीक प्रमाणातच सरकवायचा. तेवढ्याने मेळ जमत नाही. बिलावल थाटात सा ते ग चार अर्धस्वर, पण रे ते म तीनच! म्हणून आजच्या यंत्राला आधी सांगावं लागतं, षड्ज पांढरी एक की काळी चार. काही यंत्रं गिटारच्या कॉर्डवरूनच ते ताडतात.

मला खटकला तो गंधारच. तानपुऱ्यातून ऐकू येणारा गंधार षड्जापासून ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग), कीबोर्डचा ४०० सेंटवर. माझ्यापुढचं यंत्र कीबोर्डचं ऐकत होतं. आणि मींड घेतली, तर सोबतचा सूर घसरत न येता पायऱ्यांवरून उड्या मारत आला.