अंथरूण ओलें करणारें मूल

पांच वर्षांपुढील मूल रात्रीं अंथरूण ओलें करितें, म्हणून त्यास आळशी ठरवून मारणें हें आम्हांस अन्यायाचें वाटतें. झोपेंत घडलेल्या गोष्टीस शिक्षा कसली? मूत्राशय भरल्याची जाणीव निजलेल्या मेंदूस होत नाहीं. शिवाय हा त्रास पुष्कळदां आईबापांकडूनच आलेला असतो.

प्रथम मलावरोध पाहावा. सांचलेला मळ मूत्राशयास दाबतो; इतकेंच नव्हे, त्याच्या कडेनें पातळ मळ नकळत झिरपून कपडे भरतात, आणि घरचीं माणसें त्यास जुलाब समजून नेमका उलटा उपाय करितात! डॉक्टरांच्या सल्ल्यानें मळ मऊ करणारें औषध व जेवणानंतर शौचास बसण्याची संवय यांनीं कित्येक मुलें बरीं होतात.

अंथरूण भिजतांच घंटा वाजविणारें यंत्र फाउंडलर या बालवैद्यानें १९०४ सालीं वर्णिलें. तें योजिलें होतें परिचारिकांस कळावें म्हणून. परंतु मुलेंच कोरडीं राहूं लागलीं! तोच उपाय सुधारलेल्या रूपांत आजही उत्तम गणला जातो. मात्र दोनतीन महिने धीर हवा. शिबिरासारख्या प्रसंगापुरतें डॉक्टर डेस्मोप्रेसिन हें औषध देतात. तें घेतल्यावर रात्रीं पाणी बेतानेंच प्यावें.

सहा महिने कोरडें राहिलेलें मूल पुन्हां अंथरूण भिजवूं लागलें व त्यास तहान फार लागूं लागली, तर मात्र मधुमेहाची तपासणी त्याच दिवशीं करवावी.