पसरलेला कर्करोग : शस्त्रक्रिया कोणासाठी, वेदनाशमन सर्वांसाठी

तापीकाठच्या बऱ्हाणपूरहून मुंबई रेल्वेने सुमारे पाचशे किलोमीटर दूर आहे. भुसावळमार्गे परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाची वाट धरणाऱ्या तिथल्या कुटुंबाचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : ऑपरेशन होईल ना? रोग शरीरात पसरला असल्याने शस्त्रक्रिया करता येणार नाही, असे उत्तर मिळाले की ‘आता काहीच उरले नाही’ असा त्याचा अर्थ घेतला जातो. हा अर्थ चुकीचा आहे आणि त्याची किंमत रुग्णाला वेदनेच्या रूपाने मोजावी लागते.

कर्करोगाच्या पेशी रक्तावाटे किंवा लसिकावाहिन्यांतून हाडे, यकृत, फुप्फुसे वा मेंदूत जाऊन रुजल्या की मूळ गाठ काढल्याने रोग संपत नाही. मग ती काढल्याने आयुष्य तरी वाढते का? याच प्रश्नाचा छडा टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. राजेंद्र बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. निदानाच्या वेळीच स्तनाचा कर्करोग अन्यत्र पसरलेल्या आणि केमोथेरपीला प्रतिसाद दिलेल्या ३५० स्त्रियांचे दोन गट करण्यात आले. एका गटात स्तनातील गाठीवर शस्त्रक्रिया व किरणोपचार झाले, दुसऱ्यात झाले नाहीत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटाचे मध्यक आयुर्मान १९.२ महिने, तर दुसऱ्याचे २०.५ महिने होते. म्हणजे शस्त्रक्रियेने आयुष्य वाढले नाही. तुर्कस्तानातील एका अभ्यासात काही स्त्रियांना लाभ दिसला असला, तरी सरसकट शस्त्रक्रियेचा आग्रह आता धरला जात नाही.

याला अपवाद आहेत. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या मोजक्याच गाठी यकृतात असतील, तर त्या काढल्यावर काही रुग्ण अनेक वर्षे जगतात. पण दुसऱ्या एका प्रकारच्या शस्त्रक्रियेकडे सामान्यतः दुर्लक्ष होते. ती रोग निपटण्यासाठी नसून त्रास कमी करण्यासाठी असते. रोगाने पोखरलेले मांडीचे हाड मोडण्यापूर्वीच त्यात धातूची सळई बसवली, तर रुग्ण अंथरुणाला खिळत नाही. आतड्यातील अडथळा दूर केला, तर त्याला पुन्हा अन्न घेता येऊ शकते.

मणक्यातील गाठ मज्जारज्जूवर दाब देऊ लागली, तर वेळ फार थोडा असतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात अशा १०१ रुग्णांचा समावेश होता. शस्त्रक्रिया करून मग किरणोपचार दिलेल्यांपैकी ८४ टक्के रुग्ण उपचारानंतर चालू शकले. केवळ किरणोपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ५७ टक्के होते. शस्त्रक्रिया झालेल्यांना वेदनाशामकेही कमी लागली. म्हणून कर्करोगाच्या रुग्णाची पाठ सतत दुखू लागली, पायांतील बळ कमी झाले, बधिरता आली किंवा लघवी अडली, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

शस्त्रक्रिया शक्य नसली, तरी वेदनाशमन शक्य असते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली त्यासाठी पायऱ्यांची पद्धत मांडली : आधी पॅरासिटामॉलसारखी साधी औषधे, मग सौम्य आणि शेवटी मॉर्फिनसारखी तीव्र अफूजन्य औषधे. औषध शक्यतो तोंडाने आणि घड्याळ पाहून नियमित द्यायचे, वेदना असह्य होण्याची वाट पाहायची नाही, हे त्यातील मर्म. हाडातील वेदनेवर किरणोपचाराची एकच मात्राही अनेकांना आराम देते.

मॉर्फिनचे व्यसन लागेल, श्वास बंद पडेल, या भीतीने अनेक घरांत औषध नाकारले जाते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मात्रा हळूहळू वाढवत ते कर्करोगाच्या वेदनेसाठी दिले, तर हे धोके कमी असतात. बद्धकोष्ठता मात्र जवळपास हमखास होते, म्हणून रेचक सुरुवातीपासूनच द्यावे लागते.

मध्य प्रदेशातील नीमच व मंदसौर भागांत सरकारी परवान्याने अफू पिकते आणि नीमचला अफूवर प्रक्रिया करणारा सरकारी कारखाना आहे. तरीही अफूपासून होणारे मॉर्फिन दीर्घकाळ रुग्णांना दुर्मीळ राहिले. अंमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्याखाली राज्याराज्यांचे नियम वेगळे होते आणि अनेक परवाने लागत. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिनसह काही औषधांना ‘आवश्यक’ ठरवून देशभर एकसमान नियमांचा मार्ग मोकळा केला. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला आता ती ठेवता येतात. कायदा सुटसुटीत झाला, पण अशी संस्था घराजवळ नसेल, तर औषधाची बाटली संपल्यावर रुग्णाने पाचशे किलोमीटरचा प्रवास पुन्हा करायचा का, हा प्रश्न उरतोच.

या बाबतीत गोव्याची स्थिती तुलनेने बरी आहे. राज्याची लांबीच जेमतेम १०५ किलोमीटर आहे आणि बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय फार दूर नाही. मुंबईत १९८६ साली सुरू झालेल्या ‘शांती आवेदना’ या शुश्रूषाकेंद्राची शाखाही गोव्यात आहे. तरीही मुंबईला उपचार घेऊन परतणाऱ्या रुग्णाच्या नातलगांनी, घर बऱ्हाणपुरात असो वा काणकोणात, रुग्णालय सोडण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : वेदनाशामकाची मात्रा व वेळा, मध्येच वेदना उसळल्यास द्यायची जादा मात्रा आणि औषध संपल्यावर ते जवळ कोठे मिळेल त्या संस्थेचे नाव.