नायट्रोसामीनचे नायट्रामीन : उन्हात घडणारा बदल

नायट्रोसामीन आणि नायट्रामीन या दोन्ही रसायनांत दोन नायट्रोजन अणू एकमेकांना जोडलेले असतात. नायट्रोसामीनमध्ये त्यांपैकी एकावर ऑक्सिजनचा एक अणू असतो, नायट्रामीनमध्ये दोन. प्रयोगशाळेत तीव्र ऑक्सिडीकारकाने हा जादा अणू थेट बसवता येतो. मोकळ्या हवेत हे काम ऊन करते, पण वळसा घेऊन.

सूर्यप्रकाशाने नायट्रोसामीनमधला नायट्रोजन-नायट्रोजन बंध तुटतो. भर उन्हात त्याला काही मिनिटे पुरतात. नायट्रिक ऑक्साइड सुटून जातो आणि मागे अमाइनचा (अमोनियासारख्या सेंद्रिय संयुगाचा) मुक्त मूलक, म्हणजे अतिक्रियाशील तुकडा, उरतो. हा मूलक पुन्हा नायट्रिक ऑक्साइडला भेटला, तर नायट्रोसामीन परत तयार होते. धुरातला नायट्रोजन डायॉक्साइड भेटला, तर नायट्रामीन तयार होते. नायट्रामीनवर उन्हाचा फारसा परिणाम होत नाही, त्यामुळे ते हवेत काही दिवस टिकते. म्हणूनच नायट्रोसामीन रात्री साठते आणि दिवसा विरते, तर नायट्रामीन दिवसाही शिल्लक राहते. कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथील संशोधकांनी १९७८ मध्येच अमाइन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे उन्हात ठेवून ही दोन्ही रसायने तयार होताना दाखवली होती.

कार्बन पकडण्याच्या तंत्रामुळे या रसायनशास्त्राला आज नवे महत्त्व आले आहे. या तंत्रात धुरातला कार्बन डायॉक्साइड बहुधा अमाइनच्या द्रावणात शोषून घेतात आणि थोडे अमाइन धुराबरोबर चिमणीतून निसटते; हवेत त्यापासून ही दोन्ही रसायने होऊ शकतात. तमिळनाडूतील तुतिकोरिनच्या रसायन कारखान्यात २०१६ मध्ये असा प्रकल्प सुरू झाला, तर मध्य प्रदेशातील एनटीपीसीच्या विंध्याचल वीजकेंद्रात २०२२ मध्ये रोज २० टन क्षमतेचा. त्याच वर्षी मुंबईच्या आयआयटीत कार्बन पकडून त्याचा वापर करण्याविषयीचे राष्ट्रीय केंद्र मंजूर झाले.

अनेक नायट्रोसामीनांमुळे प्राण्यांना कर्करोग होतो. नायट्रामीन सहसा त्याहून सौम्य असली, तरी निर्धोक नाहीत. नॉर्वेच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने २०११ मध्ये दोन्हींची मिळून मर्यादा सुचवली : एक घनमीटर हवेत ०.३ नॅनोग्रॅम, एक लिटर पिण्याच्या पाण्यात ४ नॅनोग्रॅम. ही एकत्र मोजणी आवश्यकच आहे. मोनोइथेनॉलअमाइनसारख्या प्राथमिक अमाइनपासून टिकाऊ नायट्रोसामीन होत नाही, पण नायट्रामीन होते. म्हणून केवळ नायट्रोसामीन मोजून हवा सुरक्षित ठरवता येत नाही. भारतात अमाइनवर चालणारे प्रकल्प वाढवताना त्यांच्या परिसरातील हवेत आणि पाण्यात दोन्ही रसायने पहिल्या दिवसापासून मोजली गेली पाहिजेत.