अपंगत्व मोजावे की अडवावे?

अपंगत्व म्हटले की जन्मजात व्यंग किंवा अपघात आपल्या डोळ्यांसमोर येतो. परंतु वर्षानुवर्षे, पायरीपायरीने चढत जाणारेही अपंगत्व असते, आणि त्याचा हिशेब आपल्या व्यवस्थेने अद्याप नीट मांडलेला नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस हा रोग त्याचे ठळक उदाहरण होय. यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच मेंदू व मज्जारज्जू यांतील तंतूंच्या आवरणावर हल्ला करते. विजेच्या तारेवरील रबर जागोजागी सोलले जावे, तसा संदेशवहनात बिघाड होतो. हा रोग बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान, म्हणजे माणूस कमावता झालेला असताना, गाठतो. आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक गाठतो.

हा थंड प्रदेशातील गोऱ्या लोकांचा रोग, अशी समजूत दीर्घकाळ होती. तथापि मुंबईत १९८५ साली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली, आणि मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात हा रोग बऱ्यापैकी आढळतो, हे डॉ. नोशीर वाडिया यांनी १९९० साली दाखवून दिले. पुढे एमआरआय तपासणीचा प्रसार झाला, तसे इतर समाजांतील रुग्णही उजेडात आले.

एकाच रोगाचे दोन रुग्ण. एक वीस वर्षांनीही चालतो-फिरतो, दुसऱ्याच्या हाती लवकरच काठी येते. असे का व्हावे? काही कारणे माणसाच्या हातची नाहीत. रोग उशिरा वयात सुरू होणे, रुग्ण पुरुष असणे, पहिल्या काही वर्षांत वारंवार झटके येणे, पहिल्या झटक्यातून पूर्ण सुधारणा न होणे, मज्जारज्जूवर चट्टे असणे, ही पुढील अपंगत्वाची चिन्हे मानली जातात. धूम्रपान मात्र हातचे आहे आणि ते रोगाची गती वाढविते. लठ्ठपणा, रक्तदाब, मधुमेह यांची जोडही घातक ठरते. कोकणच्या वैशाखातील उकाड्याने लक्षणे तात्पुरती बळावतात, पण त्यामुळे रोग पुढे सरकला असे होत नाही. ही माहिती नसल्याने अनेकांचा धीर विनाकारण खचतो.

या सर्वांइतकेच महत्त्वाचे, आणि माझ्या मते समाजाच्या सर्वाधिक आवाक्यातले कारण म्हणजे वेळ. उपचार जितके लवकर सुरू होतील तितके अपंगत्व लांबविता येते. परंतु पहिली लक्षणे फसवी असतात. एका डोळ्याला अंधुक दिसते, पायाला मुंग्या येतात, आणि काही आठवड्यांत सारे आपोआप ओसरते. शिक्षक म्हणतो, उभे राहून दमलो. कारकून म्हणतो, चष्मा बदलायला हवा. शंका आलीच तर रत्नागिरीच्या माणसाला आंबा घाट चढून कोल्हापूर गाठावे लागते किंवा रेल्वेने मुंबई. प्रत्येक खेपेला रजा, प्रवासखर्च आणि सोबतीच्या नातेवाइकाची बुडालेली मजुरी. शिवाय नोकरी जाईल या भयाने रोग लपविलाही जातो.

येथे अर्थशास्त्राचा एक जुना नियम आडवा येतो. खर्च आज करावा लागतो आणि लाभ दहा वर्षांनी दिसतो, तेव्हा मनुष्य लाभाला कमी लेखतो. रोग शांत असताना महागडे औषध घेणे हा त्याला अपव्यय वाटतो. मग औषध सुटते आणि रोग आतल्या आत पुढे सरकतो. कुटुंबाची ही दृष्टी समजू शकते. परंतु शासनानेही तोच हिशेब करावा काय? आपल्या सरकारी आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांभोवती रचलेल्या आहेत. घरी राहून वर्षानुवर्षे घ्यायच्या औषधाला त्यांत क्वचितच जागा मिळते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश दिव्यांगत्वाच्या एकवीस प्रकारांत केला, हे स्वागतार्हच आहे. परंतु त्यातील अनेक सवलतींसाठी किमान चाळीस टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. म्हणजे नुकसान ठरावीक मापाचे झाले की मदत. ते होऊ नये म्हणून मात्र फारसे काही नाही. घर जळाल्यावर पंचनामा तत्परतेने करायचा, पण बंब ठेवायचा नाही, असाच हा प्रकार आहे.

रत्नागिरीत २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तालुक्याच्या दवाखान्यातून तेथे आणि तेथून मज्जातज्ज्ञापर्यंत संशयित रुग्णाची वाट ठरवून दिली, तर निदानाचे कित्येक महिने वाचतील. दीर्घकालीन औषधांचा खर्च योजनांत यावा. शाळा-कचेऱ्यांनी बसून करण्याचे काम, तळमजल्यावरील जागा व उपचारासाठी रजा द्यावी. त्यासाठी तिजोरी रिकामी होत नाही. कमावता माणूस आणखी दहा वर्षे आपल्या पायांवर उभा राहिला, तर या खर्चाची परतफेड केव्हाच झालेली असेल.