4.1 : एक आकडा, दोन हादरे

9 ऑक्टोबर 2006 रोजी उत्तर कोरियाने पहिली भूमिगत अणुचाचणी केली. अणुचाचणीबंदी करारासाठी व्हिएन्नात काम करणाऱ्या संघटनेने तिची तीव्रता 4.1 नोंदवली. 1 फेब्रुवारी 2019 रोजी डहाणू-तलासरीची जमीन हादरली. त्या धक्क्याची तीव्रताही 4.1 होती. त्या दिवशी घाबरून धावताना पडून एका दोन वर्षांच्या मुलीचा जीव गेला.

नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडी आणि आसपासच्या पाड्यांनी असे हजारो लहानमोठे धक्के सोसले. बहुतेक धक्क्यांबरोबर जमिनीतून धडाड्‌ असा आवाज येतो. त्यामुळे या भागात कोणाशीही बोलताना मला एक प्रश्न हमखास ऐकू येतो : हा सुरुंग तर नाही ना? कोणी दबक्या आवाजात तारापूरचंही नाव घेतं. हे प्रश्न अडाणीपणाचे नाहीत. चोरून केलेली अणुचाचणी कशी ओळखायची, या चिंतेतून जगभरच्या शास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं नेमका हाच प्रश्न सोडवला आहे. आपल्याकडे कर्नाटकात गौरीबिदनूर इथे 1960च्या दशकात भाभा अणुसंशोधन केंद्राने इंग्रज संशोधकांच्या मदतीने भूकंपमापकांची रांग उभारली, तीही भूमिगत स्फोटांचा माग काढण्यासाठीच.

त्यांच्या कसोट्या साध्या आहेत. स्फोट चहूबाजूंना एकसारखा ढकलतो, म्हणून प्रत्येक केंद्रावर जमिनीची पहिली हालचाल बाहेरच्या दिशेने होते. भूकंपात खडकाचे दोन भाग एकमेकांवरून सरकतात, म्हणून काही दिशांना पहिला धक्का ढकलणारा, तर काही दिशांना ओढणारा असतो. दुसरी गोष्ट, या सरकण्यातून आडव्या हेलकाव्याची दुय्यम लाट जोरदार निघते. स्फोटात ती त्या मानाने क्षीण असते. तिसरी कसोटी खोलीची. 1974ची पोखरणची चाचणी 107 मीटर खोलीवर झाली. माणसाने खोदलेलं सर्वांत खोल छिद्र, रशियातलं कोला, 12 किलोमीटरच्या थोडंसं पुढे जातं. डहाणूचे धक्के उथळ म्हणवले जातात, तरी ते काही किलोमीटर खालून येतात. तिथे सुरुंग पेरायला कोण जाणार? ही खोली अचूक कळायला मात्र यंत्रं जवळ हवीत. म्हणूनच हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने आणि राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राने या भागातच यंत्रं बसवली.

आता ताकद पाहू. कोरियाचा स्फोट एक किलोटनपेक्षा कमी, म्हणजे शेकडो टन टीएनटीइतका मानला जातो, आणि तो एका क्षणात झाला. खाणीतला सुरुंग त्यापुढे किरकोळ, शिवाय त्याची भोकं मिलिसेकंदांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने उडवतात. त्यातून 4.1 निघत नाही. आवाजाचं म्हणाल, तर उथळ भूकंपाच्या जलद लहरी जमिनीतून हवेत उतरतात आणि कानाला स्फोटासारख्या लागतात.

अणुस्फोट आणखी एक खूण मागे ठेवतो, किरणोत्सर्गाची. कोरियाच्या चाचणीनंतर झेनॉन-133 हा वायू कॅनडातल्या यलोनाइफ केंद्रापर्यंत पोहोचला. त्याचं अर्धायुष्य सुमारे पाच दिवसांचं, म्हणजे तो ताजाच असणार. तारापूरबद्दल एवढंच सांगतो : अणुभट्टीत अपघात होऊ शकतो, पण तिथलं इंधन अणुबाँबसारखं फुटू शकत नाही.

याचा अर्थ मोजमाप निर्विवाद असतं असा नाही. 11 मे 1998च्या पोखरण चाचण्यांची तीव्रता अमेरिकी नोंदीत 5.2 आली. कठीण, थंड खडकाचं सूत्र लावलं तर तिचे सुमारे 10 किलोटन होतात. नेवाडासारख्या, लहरी अधिक शोषणाऱ्या भूगर्भाचं सूत्र लावलं तर तिपटीहून जास्त. आपल्या शास्त्रज्ञांनी एकूण सुमारे 60 किलोटन सांगितले आणि त्याच्या पुष्टीसाठी चाचणीस्थळी खोदून काढलेल्या नमुन्यांतल्या किरणोत्सर्गी द्रव्यांची मोजणी पुढे ठेवली. 2009मध्ये के. संथानम यांनी आतून शंका घेतली आणि वाद पुन्हा पेटला. स्फोट झाला याबद्दल दुमत नव्हतं. मतभेद होता तो किती मोठा, याबद्दल. ‘काय घडलं’ आणि ‘किती घडलं’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत, हे मी या वादातून शिकलो.

डहाणूत ‘काय घडलं’ याचं उत्तर पक्कं आहे आणि तेच जीवनमरणाचं आहे. सुरुंग असता तर अर्ज, मोर्चा, बंदी यांनी तो थांबला असता. भूकंप अर्जाने थांबत नाही. त्याच्याशी सामना घराच्या भिंतीत करावा लागतो. कारवीच्या कुडाचं हलकं घर हलतं, पण सहसा जीव घेत नाही. त्याच्या जागी आलेल्या विटांच्या भिंतीला दारखिडक्यांच्या वर सलग काँक्रीटचा पट्टा नसेल, तर तीच भिंत अंगावर येते. घरकुल मंजूर करताना त्या पट्ट्याची चौकशी झाली, तर यंत्रांनी काढलेल्या त्या वेड्यावाकड्या रेषा खऱ्या अर्थाने वाचल्या गेल्या असं मी म्हणेन.