बर्फ पांढराच दिसला पाहिजे

आपल्या शिरूर-दौंडच्या गावांतून चारधामला जाणाऱ्या बाया आता कमी नाहीत. परत आल्या की आधी प्रसाद वाटतात आणि मग मोबाईल हातोहात फिरतो. अशाच एका बैठकीत घरी राहिलेल्या आजींनी विचारलं, "अगं, यात बर्फ कुठाय?" फोटो दीडशे होते. बर्फही होता, पण चुलीतल्या राखेसारखा करडा. त्या आजींना आता केदारनाथ चढणं होणार नाही. त्यांच्यासाठी तो फोटो हीच यात्रा. म्हणून आज बोलूया, बर्फाच्या डोंगराचा फोटो कसा काढायचा.

आधी बर्फाची गोष्ट. हजार मीटर वर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. आपली गावं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहेत. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १,६४६ मीटर. म्हणून भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावणारी आपली भीमा पावसावर जगते. केदारनाथचं मंदिर मात्र ३,५८३ मीटरवर आहे आणि मागचं शिखर ६,९४० मीटर. डोंगरावर ज्या उंचीच्या वर बर्फ उन्हाळ्यातही पुरता वितळत नाही, तिला हिमरेषा म्हणतात. थंडीत बर्फ खूप खाली उतरतो, ऊन वाढलं की वर सरकतो. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास मंदिर उघडतं, तेव्हा वाटेच्या कडेलाही बर्फ सापडतो. भाऊबीजेला मंदिर बंद होतं.

मग बर्फ करडा का येतो? कॅमेऱ्याला बर्फ कळत नाही, फक्त उजेड कळतो. समोर जे असेल ते ना फार उजळ, ना फार काळं, असं मधलं दिसावं, असा त्याचा हिशेब असतो. सगळं पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड जास्त झाला, आणि तो फोटो काळवंडून टाकतो. घरीच करून बघा. उन्हात पांढऱ्या धोतरावर कुरडया वाळत घातल्यात ना? पूर्ण पडदा भरेल असा त्यांचा फोटो काढा, मळकट येईल. मग काळ्या तव्याचा काढा, तवा असतो त्याहून फिका दिसेल. काही नवे फोन ही चूक स्वतः सुधारतात, पण सगळे नाही.

उपाय सोपा आहे. पडद्यावर बर्फाच्या जागी बोट टेकवा. चौकट किंवा गोल उमटतो आणि शेजारी सूर्याचं छोटं चित्र येतं. ते बोटानं हळूहळू वर सरकवा. बर्फ पांढरा झाला, पण त्याच्या घड्या अजून दिसतायत, तिथं थांबा. घड्या पुसल्या गेल्या तर जास्त झालं, थोडं खाली आणा. जाण्याआधी कुरडयांवर हा सराव करून घ्या, वर थंडीत बोटं आखडतात.

फोटो सकाळी काढा. तेव्हा ऊन तिरपं असतं, त्यामुळे डोंगराच्या धारा उठून दिसतात. दुपारी सगळं सपाट दिसतं आणि बऱ्याचदा ढगही चढतात. चौकटीत तिन्ही पट्टे घ्या: खाली हिरवळ, मध्ये उघडा खडक, वर बर्फ. कुठेतरी एखादं माणूस किंवा खेचर येऊ द्या, म्हणजे डोंगर केवढा ते कळतं. मैत्रिणीचा फोटो काढताना तिच्या तोंडावर ऊन येईल असं तिला उभं करा. बर्फ पाठीशी आणि तोंड सावलीत असलं, तर चेहरा काळा येतो.

थंडीत फोनची बॅटरी लवकर उतरते. फोन स्वेटरच्या आत, अंगाजवळ ठेवा. बाहेरून उबेच्या खोलीत आलात की काचेवर दव धरतं. मऊ सुती कपड्यानं पुसा, जरीच्या पदरानं नाही, ओरखडे पडतात.

आता कान देऊन ऐका. फोटोसाठी उलटं चालत मागं सरकू नका. खेचरं आली की डोंगराच्या बाजूला उभ्या राहा, दरीच्या बाजूला नाही. ओढ्यावर साचलेल्या बर्फावर पाय देऊ नका, खालून पाणी वाहून तो पोकळ झालेला असतो. बर्फावरचं ऊन डोळ्यांना भाजतं, काळा चष्मा घाला. आणि २०२३ पासून मंदिराच्या आत फोटोला मनाई आहे, ती पाळा.

शेवटचं एक. फोटोवर तारीख आणि जागा लिहून ठेवा. जून २०१३ च्या महापुरानं केदारनाथचा परिसर बदलला, चढणीची जुनी वाटही मोडली. मंदिराच्या वरची चोराबारी हिमनदीही मागं हटते आहे. अभ्यासक अशा हिमनद्यांचे एकाच जागेवरून वेगवेगळ्या वर्षी काढलेले फोटो शेजारी ठेवून बघतात. पुढच्या वर्षी गटातली दुसरी कुणी गेली, तर तिला तुमचा फोटो दाखवा आणि तिथूनच, त्याच महिन्यात काढायला सांगा. बर्फ किती वर गेला, किती खाली आला, हे तुम्हालाही दिसेल.

आणि परत आल्यावर पहिला फोटो घरी राहिलेल्या आजींना दाखवा. बर्फ कुठाय, हे त्यांना विचारावं लागू नये.