पेल्यात न पडलेल्या मुंग्या

मुंग्यांचा अभ्यास करायचा तर सगळ्यांत स्वस्त साधन म्हणजे प्लॅस्टिकचा पेला. त्याच्या मापाचा खड्डा करायचा, पेल्याची कड मातीच्या पातळीला अगदी सपाट येईल असा तो बसवायचा. तळाशी दोन बोटं पाणी, त्यात थोडं मीठ आणि भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण मोडतो. नाहीतर हलकी मुंगी पाण्यावर तरंगत राहते आणि कडेनं चढून निघून जाते. वर चार काड्यांवर टेकवलेलं झाकण. ४८ तासांनी पेला उचलायचा, पाणी गाळायचं आणि मिळालेल्या मुंग्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायच्या. याला पिटफॉल सापळा म्हणतात. हर्बर्ट बार्बर या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञानं १९३१ मध्ये गुहेतल्या कीटकांसाठी अशा सापळ्यांची माहिती प्रसिद्ध केली, म्हणून काही जण त्याला 'बार्बर सापळा'ही म्हणतात.

इतक्या सोप्या साधनानं मी एका देवराईवर अन्याय केला, त्याची ही हकीकत.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्यातलं एक गाव. ग्रामदेवतेच्या देवळामागे छोटी देवराई आहे: किंजळ, बेहडा, सातवीण, त्यांच्यावर चढलेली गारंबीची वेल आणि खाली घोट्यापर्यंत पालापाचोळा. पऱ्ह्यापलीकडे काजूची बाग, तळ झाडून-बेणून लख्ख ठेवलेला. या दोन जागांपैकी मुंग्यांच्या जाती कुठे जास्त, एवढाच माझा प्रश्न होता. भातकापणी झाल्यावर नोव्हेंबरमध्ये मी दोन्हीकडे दर दहा मीटरवर एक, असे वीस-वीस पेले पुरले. देवळाचे गुरवकाका रोज संध्याकाळी येऊन बघून जात. एकदा त्यांनी विचारलं, "बाय गो, पेल्यात पडली तीच मुंगी होय?" मी हसले आणि त्यांना नमुना घेणं म्हणजे काय ते समजावून सांगितलं. प्रश्न त्यांचा बरोबर होता आणि समजावणारी चुकत होती, हे कळायला पुढचा उन्हाळा उजाडला.

बागेतल्या पेल्यांत मुंग्या जास्त मिळाल्या. संख्येनं जास्त आणि जातींनीही जास्त. देवस्थान समितीनं परवानगी देताना अहवालाची एक प्रत मागितली होती, ती मी दिली. तिच्यात 'प्राथमिक निष्कर्ष' या मथळ्याखाली एक वाक्य होतं: काजूच्या बागेत मुंग्यांची विविधता देवराईपेक्षा अधिक आढळली. एप्रिलमध्ये गुरवकाकांचा फोन आला. देवळाच्या जीर्णोद्धाराची सभा झाली होती. मागचा झाडोरा काढून तिथे फरशी घालावी आणि मंडपासाठी जागा करावी, अशी सूचना होती. आणि रानात तसं फार काही नाही, असं कॉलेजच्या बाईनंच लिहून दिलंय, म्हणून माझं वाक्य सभेत वाचलं गेलं होतं.

वाक्य खोटं नव्हतं. पेल्यांपुरतं खरं होतं. अडचण अशी की पेला मुंग्या मोजत नाही. पेला जागेवर बसलेला असतो, मुंगीला चालत त्याच्यापर्यंत यावं लागतं. म्हणजे पेल्यात उतरते ती त्या जागेवरच्या मुंग्यांची संख्या आणि त्यांची धावपळ, दोन्ही मिसळून. मोकळ्या, उन्हानं तापलेल्या जमिनीवर मुंगी भराभर चालते, लांबवर जाते, वाटेत अडथळा नसतो. बागेत मला मिळालेल्या पिवळ्या, लांब पायांच्या वेड्या मुंग्या (शास्त्रीय नाव अॅनोप्लोलेपिस ग्रॅसिलिपेस) तर धावण्यासाठीच जन्मल्यासारख्या असतात. देवराईत याच्या उलट. तिथे मुंगी पाचोळ्याच्या थरांतून, पानाखालून पानाखाली जाते. तिच्या दृष्टीनं तो दहा मजली चक्रव्यूह आहे आणि माझा पेला म्हणजे तळमजल्यावरचा एक खड्डा.

आणखी दोन चुका मी केल्या, दोन्ही पुस्तकात आधीच लिहून ठेवलेल्या. खड्डा खणला की माती ढवळली जाते आणि पहिले काही दिवस मुंग्या एरवीपेक्षा जास्त पडतात. ग्रीनस्लेड यांनी १९७३ मध्येच हे दाखवलं होतं. उपाय सोपा आहे. पेला पुरायचा, झाकण लावून काही दिवस तसाच ठेवायचा आणि मग उघडायचा. मी पुरले त्याच दिवशी उघडले. दुसरी चूक मोजणीची. बागेतला एक पेला फायडोल मुंग्यांच्या वारुळाशेजारी आला होता, त्यात शेकडो मुंग्या सापडल्या आणि मी त्या सगळ्या बेरजेत धरल्या. पण मुंगी हा एकटा जीव नाही, ती वसाहतीची सभासद. शेकडो मुंग्यांवरून एवढंच कळतं की वारूळ जवळ आहे. म्हणून मुंग्यांच्या अभ्यासात डोकी मोजत नाहीत, एखादी जात वीसपैकी किती पेल्यांत आली ते मोजतात.

यावरची तयार पद्धत २००० साली स्मिथसोनियन संस्थेनं प्रसिद्ध केलेल्या, अगोस्ती, मेजर, अलोन्सो आणि शुल्ट्झ यांनी संपादित केलेल्या पुस्तकात आहे. २०० मीटरची रेषा, दर दहा मीटरवर एक जागा आणि प्रत्येक जागी पेल्याबरोबरच एक चौरस मीटर पाचोळा. हा पाचोळाच मी सोडला होता. सह्याद्रीतही हे काम झालेलं आहे. राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर कन्नड जिल्ह्यात कीटक गोळा करताना प्रकाशसापळा, झुडपांवर फिरवायची जाळी, पेले आणि वासाचे सापळे असं सगळं एकत्र वापरलं होतं. १९९० मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तो निबंध आला. मी तो वाचलेला होता. वाचून त्यातली एकच पद्धत उचलली, कारण पेले स्वस्त होते.

पावसाळा संपल्यावर मी पुन्हा गेले, या वेळी चाळण आणि विंकलर पिशव्या घेऊन. काम असं: एक चौरस मीटरची चौकट टाकायची, आतला पाचोळा वरच्या मऊ मातीसकट झटपट ओरबाडून चाळणीच्या पिशवीत भरायचा. झटपट, कारण चाहूल लागली की मुंग्या खाली मुरतात. मग जोरजोरात हलवायचं. मोठी पानं-काटक्या वर राहतात, खाली चुरा पडतो. तो चुरा जाळीच्या पिशवीत भरायचा आणि ती पिशवी एका लांब कापडी झोळीत टांगायची. झोळीच्या टोकाला अल्कोहोलची बाटली. पिशवीतला चुरा हळूहळू सुकतो, आतले जीव ओल शोधत इकडेतिकडे फिरू लागतात, जाळीबाहेर येतात आणि खाली पडतात. बाकी काही नाही.

याच तत्त्वावर अँटोनिओ बर्लेझे या इटालियन शास्त्रज्ञानं १९०५ मध्ये गरम पाण्याचं वेष्टण असलेलं नरसाळं केलं होतं आणि पुढे स्वीडनच्या टुलग्रेननं पाण्याऐवजी दिवा लावला. पण ज्या गावात संध्याकाळी वीज जाते तिथे दिव्याचं नरसाळं काय कामाचं! विंकलरला फक्त खुंटी लागते. गुरवकाकांच्या पडवीतल्या वाशांना मी दोन दिवस झोळ्या टांगल्या. काकू म्हणाल्या, एवढ्या पिशव्या तर चतुर्थीच्या माटोळीलाही टांगत नाहीत.

बाटल्या उघडून भिंगाखाली बघितलं तेव्हा मला काही वेळ बोलता येईना. दोन-अडीच मिलिमीटरच्या, मातीच्या रंगाच्या, बदामी आकाराच्या डोक्याच्या मुंग्या: स्ट्रुमिजेनिस. पाचोळ्यात उड्या मारणारे स्प्रिंगटेल नावाचे बारीक जीव ही त्यांची शिकार, आणि जबडे सापळ्यासारखे फटकन मिटणारे. माझ्या देवराईतल्या वीस पेल्यांत यांची एकही नव्हती. अशा आणखीही काही होत्या. त्या आदल्या वर्षीही तिथेच असणार, माझ्या पायाखाली.

मग झाडांकडे वळले. काळी छत्री उलटी धरायची आणि वरची फांदी काठीनं ठोकायची; काय पडेल ते चिमट्यानं वेचायचं. पानं शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्या अशा भरपूर मिळतात, अंगावरही. किंजळीवर क्रेमॅटोगॅस्टर मुंग्यांचं काळपट, चेंडूसारखं घरटं होतं; तांबूस सुतार हा पक्षी असल्या घरट्यात पोखरून स्वतःची अंडी घालतो. गूळ आणि भिजवलेली सुकट कागदावर ठेवून आमिषंही लावली, पण तिथे दांडग्या जातींचंच राज्य चालतं. आधी पोचलेल्या बारीक मुंगीला दहा मिनिटांत हुसकावलं जातं.

प्रत्येक साधनाची आपली नजर असते. रेने मलेझ हा स्वीडिश संशोधक आपल्या तंबूत शिरलेल्या माश्या आणि गांधीलमाश्या वरच्या कोपऱ्याकडेच चढत जातात हे बघत होता. कोपऱ्याला भोक पाडून तिथे बाटली लावली तर, असं त्याला सुचलं आणि १९३० च्या दशकात त्याचा तंबूसापळा तयार झाला. उडणाऱ्या कीटकांना तो उत्तम, बिनपंखी कामकरी मुंगीला जवळजवळ निरुपयोगी. मुंबई इलाख्यातले वनाधिकारी राउटन यांनी तर हातानंच वेचून मुंग्या स्वित्झर्लंडच्या फोरेल यांच्याकडे पाठवल्या. १८९० मध्ये फोरेल यांनी एका मुंगीला त्यांचं नावही दिलं. पण हातानं वेचताना डोळ्यांत भरेल तेच वेचलं जातं, हे राउटन यांनाही चुकलं नसेल.

दुसरा अहवाल दिला. पाचोळा आणि झाडं धरल्यावर देवराईतल्या जाती बागेपेक्षा जास्त भरल्या. बागेतल्या काही जाती मात्र देवराईत नव्हत्या, तेही लिहिलं. पहिला अहवाल मागे घेत असल्याचं पहिल्याच पानावर लिहिलं आणि कोणती मुंगी कोणत्या साधनानं मिळाली याचा तक्ता निष्कर्षाच्या आधी टाकला. समितीनं तो वाचला की नाही, ठाऊक नाही. देवळासमोर फरशी झाली. मागचं रान शिल्लक आहे, पण त्याचं श्रेय मला नको. वर्गणी पुरली नाही, असं गुरवकाका म्हणाले.

शेवटच्या दिवशी देवराईतले पेले उचलले तर एकोणीसच भरले. काका म्हणाले, राहू दे, एखादा गेला असेल पुरून. पण पुरलेला पेला काम थांबवत नाही. पाणी आटलं तरी पडलेला जीव गुळगुळीत भिंतीवरून वर येत नाही. दुसऱ्या दिवशी रेषेची दोरी पुन्हा ताणून दहा-दहा मीटर मोजत गेले. चौदाव्या जागी तो सापडला, झाकणावर पाचोळा चढलेला. आत दोन गोमा, एक लहानसा बेडूक आणि काळ्या मुंगळ्यांचा थर होता. बेडूक जिवंत होता. खड्डा मातीनं भरला, पायानं दाबला आणि वर पाचोळा ओढला.